सेवा मंडळातील उत्साह
(संस्थेच्या सेवा मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



‘सेवा मंडळाच्या कार्यात पुन्हा उत्साह कसा येईल’ या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली आहे. उत्साह गेला आहे, हे विषय देणाऱ्यांनी गृहीतच धरलेले दिसते. ते खरेही आहे. कार्यक्रमाला पन्नास मुले येतात आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्या उचलायला चार उरतात, हे आपण सगळेच पाहतो.

पण हीच मुले 2019 च्या ऑगस्टमध्ये आपण पाहिली आहेत. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. बकरी ईद 12 ऑगस्टला होती आणि पूर तेव्हा पुरता ओसरलाही नव्हता. तेव्हा मुलांना सभा भरवून कोणी बोलावले नव्हते. पोळ्या बांधा म्हटले की बांधल्या, गाळ उपसा म्हटले की उपसला. घरी गेल्यावर अम्मीची बोलणी खाल्ली ती चिखलाच्या कपड्यांपायी, आळसापायी नव्हे. मग तीच मुले सहा महिन्यांनी कुठे गेली?

माझ्या मते ती कुठेच गेली नाहीत. त्यांच्या वाट्याचे काम गेले. पुरात काम आपण होऊन दाराशी येते. पूर ओसरला की मंडळाला काम शोधावे लागते, आणि शोधायला बसले की सोपे तेच सापडते. रुग्णालयात फळवाटप, पाहुण्यांचा सत्कार, फलक धरून छायाचित्र. एका केळ्याला सहा हात लागलेले छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले असेल. फलकाचे एक टोक धरून उभा राहिलेला मुलगा पुढच्या वेळी येत नाही, यात त्याचा काय दोष? तो आला नाही म्हणून कोणाचेच काही अडले नाही, हे त्याला कळते.

आमच्या सातारा जिल्ह्यातील उदाहरण देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. महात्मा गांधींनी 1927 मध्ये त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले, त्यांत आपलीही, एका पंगतीला बसत. स्वयंपाक, सरपण, शेतातले काम, सारे मुलेच करीत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या मुलांना ‘प्रेरणा’ या विषयावर कोणी व्याख्यान दिले असेल असे मला वाटत नाही. सरपण आणले नाही तर संध्याकाळी चूल पेटणार नव्हती. आपण 22 सप्टेंबरला कर्मवीरांची जयंती साजरी करतो, त्यात एकदा ही चूलही आठवावी.

आता आपल्या मंडळाविषयी. पूर्वी आपण वर्षातून एकदा मोठे रक्तदान शिबिर घेत होतो. शिबिर चांगलेच, त्यावर माझा आक्षेप नाही. परंतु नेहमीच्या पिशवीतले रक्त साधारण 35 दिवसच टिकते, प्लेटलेट तर 5 दिवस. एकाच दिवशी सगळ्यांनी देऊन टाकले, तर पुढे मे महिन्यात, महाविद्यालयांना सुट्टी असताना काय करायचे? मिरजेला रुग्ण कुठून कुठून येतात, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही. थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्याचा आजार आपल्या शिबिराच्या तारखेची वाट पाहत नाही.

म्हणून गेल्या वर्षी एक साधी वही घातली. नाव, रक्तगट, शेवटचे रक्तदान केव्हा. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. शाळेतली मुले अठराच्या आतली, ती रक्त देऊ शकत नाहीत; वही मात्र त्यांच्याच ताब्यात आहे. ज्याची मुदत भरली त्याला फोन करायचा. रोजा असताना दिवसा रक्त देणे बरे नाही, म्हणून रमजानच्या आधीच तारखा लावायच्या, ही सूचना मुलांचीच.

नववीतली एक मुलगी आहे. वर्गात प्रश्न विचारला तर खाली बघते. तीच फोनवर म्हणते, “चाचा, आपले तीन महिने झाले. बुधवारी जाल की गुरुवारी?” जाल की नाही, हे ती विचारतच नाही! एका गुरुवारी सुट्टी होती, तरी ती शाळेत आली. विचारले तर म्हणाली, “सर, आज तीन नावे आहेत.” मंडळात उत्साह परत आला की नाही, याचे माझ्याजवळचे माप एवढेच आहे. संख्येने विचाराल तर आमची मुले अवघी नऊ. पूर्वीच्या पन्नासांपेक्षा मला ती पुष्कळ वाटतात.

पालकांच्या दोन शंका माझ्यापर्यंत आल्या. अभ्यास बुडतो, ही एक. काम आठवड्यातून पाऊण तास, शाळा सुटल्यावर. परीक्षेच्या महिन्यात वही आम्ही शिक्षक सांभाळतो. दुसरी शंका कोणी मोकळेपणाने बोलले नाही, पण मला समजते: मुलींनी परक्या माणसांना फोन करावेत का? फोन शाळेच्या कार्यालयातून होतो, दोघी मिळून बसतात, शिक्षक समोर असतात. ज्यांना पाहायचे असेल त्या वडिलांनी एका बुधवारी येऊन बसावे. एक वडील आले होते. बसले, चहा घेतला आणि जाताना स्वतःचे नाव लिहून गेले.

कंटाळा येतोच, हेही सांगितले पाहिजे. रोटरीने 1985 साली जगातून पोलिओ घालवण्याची मोहीम घेतली. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा. मधली कितीतरी वर्षे सरकारी कर्मचारी आणि स्वयंसेवक रविवारमागून रविवार बूथवर बसून बाळांच्या तोंडात दोन थेंब घालीत होते. त्यांतला प्रत्येक रविवार काही स्फूर्तिदायक नसणार. ऊन असणार, डास असणार. पण समोर बाळ आणले की पेटी उघडावीच लागते.

वही बाहेर टेबलावर उघडून ठेवली आहे. अठरा पूर्ण झालेल्यांनी नाव लिहावे. रक्तगट ठाऊक नसेल तरी लिहावे, तो तपासणीत कळेल. ज्यांना आजार आहे किंवा औषधे चालू आहेत त्यांनी तसे नमूद करावे. पेन दोऱ्याने बांधले आहे, कारण मागच्या मेळाव्यात दोन पेने गेली.