डाव किती मिळाले?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. भजनाला टाळ धरण्यापलीकडे या व्यासपीठावर मी कधी चढले नाही. परंतु मागच्या सभेत आपण जो संघ-निवडीचा खेळ खेळलो, त्यावर कोणीतरी बोलावे असे ठरले, आणि सगळ्यांत जास्त भांडले कोण, तर मी! तेव्हा शिक्षा म्हणून हे काम माझ्याकडे आले आहे.

ज्या त्या दिवशी नव्हत्या, त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री आपल्या गल्लीत फटाके वाजले आणि दुसऱ्या दिवशी कितीजणींच्या घरी स्वयंपाकाला उशीर झाला, हे आपण जाणतोच. तो आनंद ताजा असताना मुलींनी सुचविले की आजवरच्या सर्व भारतीय महिला खेळाडूंतून सार्वकालिक संघ निवडू या. मुले याला ड्राफ्ट म्हणतात. तीन गट करावयाचे, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावयाचा, आणि आळीपाळीने एकेक खेळाडू उचलावयाचा. एका गटाने उचललेली खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. अकराजणी पुऱ्या झाल्या की सभेने मत द्यावयाचे. मतपत्रिका म्हणजे चिंचोके, आणि मतपेट्या म्हणजे तीन वाट्या.

ऐकावयास सोपे वाटते. पण बायांनो, बसून पाहा! मोठी नावे गोळा केली म्हणजे संघ होत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळते. पंगतीला सगळ्या पुरणपोळ्याच करून कसे चालेल? वरण-भात करणारी कोणी नको का? फलंदाज पुष्कळ सापडतात. वेगवान गोलंदाज, यष्टिरक्षक आणि दोन्ही कामे करणारी अष्टपैलू यांची मात्र चणचण असते. जे दुर्मिळ ते आधी उचलावे, हा या खेळातला पहिला धडा.

मुलींच्या गटाला पहिली चिठ्ठी निघाली. त्यांनी डोळे मिटून सांगलीची स्मृती मानधना घेतली. सुनांच्या गटाने मिताली राज घेतली. एकदिवसीय सामन्यांत ७८०५ धावा, कसोटीत इंग्लंडविरुद्ध टाँटन येथे २००२ साली २१४. तिच्यावर कोण वाद घालणार? आम्ही साठीच्या पुढच्या बायका तिसऱ्या. आम्हाला लागोपाठ दोन घ्यावयाच्या होत्या. आम्ही झूलन गोस्वामी आणि दीप्ती शर्मा घेतल्या. झूलनचे एकदिवसीय सामन्यांतले २५५ बळी, आणि दीप्तीने तर त्या अंतिम सामन्यात आधी ५८ धावा काढल्या आणि मग पाच बळी घेतले. इथपर्यंत सगळ्याजणी आमच्यावर खूष होत्या.

पुढे सुनांनी हरमनप्रीत कौर उचलली. २०१७ च्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने केलेल्या नाबाद १७१ धावा कोण विसरेल? मुलींनी शफाली वर्मा आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज अशा दोघी घेतल्या. सुनांनी नीतू डेव्हिड घेतली. १९९५ साली जमशेदपूरला इंग्लंडचे ५३ धावांत आठ बळी घेणारी ती डावखुरी फिरकी गोलंदाज. मग पुन्हा आमची दुहेरी पाळी आली आणि मी उभी राहून म्हणाले, "शांता रंगास्वामी आणि संध्या अगरवाल."

माझी नातच मला म्हणाली, "आजी, ऋचा घोष शिल्लक आहे, यष्टिरक्षक! आणि तू ज्यांना पाहिलेही नाहीस, त्यांना घेतेस?" सभेत हशा पिकला. तिचे खरे होते. मी त्यांना पाहिले नव्हते. का पाहिले नव्हते, तेच मला आज सांगावयाचे आहे.

माझी थोरली बहीण, आमची ताई, कॉलेजात असताना गोलंदाजी करीत असे. काळ १९७६ च्या सुमाराचा. घरी ती सांगे, शिवणाच्या वर्गाला जाते. आणि जाई मैदानावर. एके दिवशी रिबिनीवरून आमचे भांडण झाले, आणि मी रागाच्या भरात दादांना सांगून टाकले की ताई शिवण शिकत नाही, मुलांसारखी चेंडू टाकते. दादांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी ताईचे बूट उचलून माळ्यावर ठेवले, एवढेच. त्यानंतर ताई खरोखरच शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. या गोष्टीवरून ती मला कधीही बोलली नाही, आणि मीही तिची कधी क्षमा मागितली नाही.

खेळाच्या आदल्या रात्री मी ताईला फोन केला. म्हटले, "ताई, कोणाला घेऊ?" ती जराही न थांबता म्हणाली, "शांताला घे." मग म्हणाली, "आणि हे बघ, कोणाच्या धावा किती, एवढेच विचारू नकोस. डाव किती मिळाले, ते आधी विचार."

मी चष्मा लावून आकडे काढीत बसले. ताईचा प्रश्न किती खोल आहे, ते तेव्हा कळले. आपल्या देशात महिला क्रिकेटची संघटना १९७३ साली झाली. पहिली कसोटी १९७६ साली वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूरला झाली, आणि त्याच मालिकेत पाटण्याला पहिला विजय मिळाला. कर्णधार शांता रंगास्वामी. लगेच १९७७ च्या जानेवारीत न्यूझीलंडमध्ये डनेडिनला त्यांनी १०८ धावा केल्या. भारतीय स्त्रीचे कसोटीतले ते पहिले शतक. १९७७ नंतर आपल्या महिलांची पुढची कसोटी कधी, तर १९८४ साली! मधली सात वर्षे या बायांनी कसोटीसाठी केवळ वाट पाहिली. १९८८ च्या विश्वचषकाला तर आपला संघ गेलाच नाही.

संध्या अगरवालने १३ कसोट्यांत १११० धावा केल्या, सरासरी पन्नासाच्या वर. १९८६ साली वुस्टरला तिने १९० धावा केल्या. अशा फलंदाजाला अकरा वर्षांत तेरा कसोट्या. बरे, ही जुनी गोष्ट म्हणावी, तर मिताली राज १९९९ पासून २०२२ पर्यंत देशासाठी खेळली आणि तिच्या वाट्याला कसोट्या आल्या बारा. झूलनलाही बाराच. २००६ नंतर आठ वर्षे आणि २०१४ नंतर जवळजवळ सात वर्षे आपल्या मुलींना एकही कसोटी नव्हती. आपल्या सुनील गावसकरांना सोळा वर्षांत १२५ कसोट्या मिळाल्या. त्यांचे मोठेपण यत्किंचितही कमी होत नाही. पण ज्या वहीत १२५ पाने आहेत आणि ज्या वहीत १२, त्यांतली अक्षरे मोजून कसे चालेल?

त्या पहिल्या पिढीने आपल्या मुलाखतींतून सांगितले आहे, की त्या रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करीत आणि वसतिगृहांच्या फरशीवर झोपत. २००६ साली त्यांची संघटना पुरुषांच्या नियामक मंडळात विलीन झाली. सामन्याचे मानधन पुरुषांइतके करण्याची घोषणा झाली ती २०२२ साली.

हे सगळे मी त्या दिवशी सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "आमची पाळी आहे, आम्ही घेणार." मग आमचा संघ असा झाला: सलामीला संध्या अगरवाल आणि अंजू जैन, जी यष्टिरक्षणही करील, मधल्या फळीत अंजुम चोप्रा, पूर्णिमा राव, हेमलता कला, मग कर्णधार शांता रंगास्वामी आणि दीप्ती शर्मा, फिरकीला पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी आणि मुंबईच्या डायना एदलजी, वेगवान माऱ्याला झूलन आणि गोव्याच्या संघातून खेळलेली शिखा पांडे. लेगस्पिन, ऑफस्पिन, डावखुरी फिरकी, तिन्ही आमच्याकडे! डायनाबाईंचे २० कसोट्यांत ६३ बळी आणि शुभांगीताईंचे १९ कसोट्यांत ६०, आणि या दोघी आम्हाला अगदी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत शिल्लक मिळाल्या. कोणी त्यांच्याकडे पाहिलेच नाही. मला आनंद झाला आणि वाईटही वाटले.

चिंचोके मोजले तेव्हा मुलींचा संघ जिंकला. आम्ही तीन चिंचोक्यांनी हरलो. ऋचा घोष आमच्याकडे नव्हती, शेवटच्या षटकांत उंच फटके मारणारी कोणी नव्हती. हार न्याय्य होती. माझ्या गटातल्या काकू अजून माझ्यावर रुसून आहेत, हेही मला कबूल.

परंतु एक गोष्ट आठवा. विश्वचषक जिंकल्यावर या मुलींनी तो मैदानातच मितालीच्या, झूलनच्या, अंजुमच्या हाती दिला. त्या तिघींना तो कधी मिळाला नव्हता. २००५ आणि २०१७ चे अंतिम सामने आपण हरलो होतो. विशी-पंचविशीच्या पोरींना जे त्या गर्दीत सुचले, ते आपल्याला घरात बसून सुचू नये काय?

म्हणून मी दोन सूचना मांडते. पहिली, पुढच्या वर्षी हा खेळ होईल तेव्हा प्रत्येक गटाने १९९० च्या आधी खेळलेल्या निदान तीन खेळाडू घेतल्याच पाहिजेत. म्हणजे मुलींना त्यांची माहिती काढावी लागेल. दुसरी, आपल्यापैकी ज्या कोणी शाळा-कॉलेजात कुठलाही खेळ खेळल्या असतील आणि ज्यांचे बूट कोणी माळ्यावर ठेवले असतील, त्यांनी मंडळाच्या वहीत चार ओळी लिहाव्यात. वही मी आणली आहे.

पहिल्या पानावर ताईने लिहिले आहे. मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. पन्नास वर्षांपूर्वीची ती चहाडी मी प्रथमच उच्चारली आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला ठाऊक होते तूच सांगितलेस. आता चहा टाक." मी चहा टाकीपर्यंत तिने पान लिहून ठेवले होते. तिची हरकत नाही, तेव्हा ज्यांना वाचावयाचे असेल त्यांनी वाचावे.

माझे बोलणे संपले. सुनांच्या गटाने चिंचोके परत दिलेले नाहीत, ते कृपया द्यावेत.