टाचण कोणाचे?

(राजारामपुरी, कोल्हापूर येथील अभ्यासवर्गात शिक्षक व पक्षकार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

परदेशातील शाळा पाहून कोणी परत आला की आपल्याकडे त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो इमारतीचा. वर्ग केवढे होते, बाके कशी होती, फळ्याच्या जागी कोणते यंत्र होते, हे आपण कुतूहलाने ऐकतो. परंतु तेथील शिक्षक उद्याच्या पाठाची तयारी केव्हा करतो, काय शिकवायचे हे कोण ठरवतो आणि त्या तयारीचा वेळ त्याच्या नोकरीच्या तासांत धरलेला असतो की नाही, याची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः कोणत्याही शिक्षणव्यवस्थेचे खरे रूप याच प्रश्नांच्या उत्तरांत उघड होते. ज्या राजारामपुरीत गल्लीगल्लीतून शिकवणी वर्गांच्या पाट्या दिसतात, तेथे हा विषय मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

शिकवण्याचे शास्त्र शिकण्यासाठी परदेशी गेलेल्या मराठी छात्राध्यापिकांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. आणि त्या कथेचा एक धागा कोल्हापूरशी जुळलेला आहे. 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या. आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात झाली होती. पण कामावर रुजू होण्यापूर्वीच, 1887 च्या फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले. रमाबाई मात्र अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले, शाळा पाहिल्या आणि अमेरिकन वाचनपुस्तकांच्या धर्तीवर मुलींसाठी सचित्र मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचा बेत आखला.

रमाबाई तेथे रिकाम्या हातांनी गेल्या नव्हत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिकांना प्रशिक्षण हवे आणि मुलींच्या शाळांवर स्त्री-निरीक्षक हव्यात अशी मागणी केली होती. म्हणजे प्रश्न येथला होता आणि त्याच्या उत्तराचा शोध तेथे चालला होता. 1889 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शिक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि स्त्रियांच्या स्थितीलाही आहे. तेथील लोकशाहीचे कौतुक करणाऱ्या रमाबाईंनी त्याच समाजातील वर्णद्वेषाकडे डोळेझाक केली नाही. निरीक्षण कसे करावे याचा हा वस्तुपाठच म्हटला पाहिजे. त्याच वर्षी, 11 मार्च रोजी, मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही बालविधवा होती. परदेशातले निरीक्षण अखेर अशा एका मुलीच्या पाटीपर्यंत पोहोचले, हेच त्याचे सार्थक.

याच्या उलट उदाहरणही आपल्या समोर आहे. जर्मन विचारवंत हर्बार्ट याने मुलाच्या मनात नवे ज्ञान जुन्या अनुभवाशी कसे जोडले जाते याचा विचार केला. त्याच्या अनुयायांनी त्या विचाराच्या पाच पायऱ्या केल्या. त्या पायऱ्या इंग्रजी अध्यापक-विद्यालयांतून आपल्याकडे आल्या आणि ‘पंचपदी’ म्हणून स्थिरावल्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, सामान्यीकरण, उपयोजन! पिढ्यानपिढ्या छात्राध्यापकांनी या रकान्यांतून पाठ बसवले. मुलाच्या मनाचा शोध घेण्यासाठी निघालेली पद्धत तपासनिसाच्या सहीसाठी भरायच्या टाचणवहीत कोंडली गेली. हा दोष हर्बार्टचा म्हणता येणार नाही. उत्तर आयात केले आणि प्रश्न मागेच राहिला, त्याचे हे फळ आहे.

परकीय विचार आपल्या मातीत रुजवायचा तर काय करावे लागते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. मॉन्टेसोरी पद्धत इटलीतून आली, पण तिची साधने महाग होती. 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला काम करताना त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच शिक्षणसाधने बनवले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार तेथे वाढला. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तेथे पाठाचे नियोजन मुलाच्या दिवसावरून, त्याच्या कष्टावरून ठरत होते. आपल्या कोल्हापुरात 1985 मध्ये लीला पाटील यांनी सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानेही मातृभाषेतून, शिक्षकाच्या स्वतःच्या विचाराने आणि मुलांच्या अनुभवातून शिक्षण घडवता येते हे सिद्ध केले.

आता आजच्या परदेशाकडे वळू. आपली एखादी छात्राध्यापिका फिनलंडच्या शाळेत गेली तर तिला काय दिसेल? राष्ट्रीय अभ्यासक्रमाची एक चौकट दिसेल. त्या चौकटीत नगरपालिका आणि शाळा आपला तपशील भरतात. शाळा-तपासणीची जुनी पद्धत तेथे 1990 च्या दशकाच्या प्रारंभीच गेली. प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव-शाळा असतात. जपानमध्ये गेली तर तिला दिसेल की काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, इतर मुलांकडे लक्ष देत बसतात आणि नंतर सारे मिळून त्या पाठाची चर्चा करतात. शिक्षकावरचा विश्वास ही तेथे भाषणातील शोभेची वस्तू नाही. तिला वेळापत्रकात जागा आहे.

परंतु हे सारे केवळ शिक्षणशास्त्राने घडले असे मानणे भाबडेपणाचे होईल. फिनलंडने 1968 मध्ये समान शाळेचा कायदा केला आणि 1972 ते 1977 या काळात तो अंमलात आणला. प्रारंभ राजधानीपासून केला नाही. दूरच्या, मागास उत्तरेकडून केला. श्रीमंताचे आणि मजुराचे मूल एका बाकावर आले, म्हणून सर्वांच्या शाळेची काळजी सर्वांना वाटू लागली.

आपल्याकडे हेच कोणी सुचवले नव्हते काय? 1966 मध्ये कोठारी आयोगाने समान शाळेची, शेजारशाळेची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. त्याहीपूर्वी 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. म्हणजे विचाराचे दारिद्र्य आपल्याकडे कधीच नव्हते. तो विचार अंमलात आणण्याची राजकीय इच्छा नव्हती, आणि तिच्या अभावी शाळांची उतरंड उभी राहिली : ज्याची जशी ऐपत, तशी त्याच्या मुलाची शाळा.

मित्रहो, एक गोष्ट कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास 45 ठरवले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचे तास अंतर्भूत आहेत. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकाला जुंपण्यास कलम 27 ने मनाई केली आहे. मग तयारीचे तास गेले कोठे? त्याच परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. दोघांनी पाच इयत्तांचे पाठ आखायचे, शिकवायचे आणि शिवाय वरून मागवलेली माहिती भरून पाठवायची. अशा शिक्षकाला फिनलंडचे गोडवे ऐकवणे ही निव्वळ क्रूर थट्टा आहे.

पाठाचे टाचण हे शिक्षकाच्या श्रमाचे फळ आहे. गिरणीतल्या कामगाराने कामाच्या तासांसाठी लढा दिला, तसा शिक्षकाच्या विचार करण्याच्या तासांसाठीही लढा द्यावा लागेल. मात्र हा लढा पगारवाढीच्या मागणीसारखा एकट्या शिक्षकांचा राहता कामा नये. तो पालकांचा झाला पाहिजे, कारण तयारी न करता घेतलेल्या तासाचे नुकसान शिकवणी परवडत नाही त्या घरातील मुलाला सोसावे लागते. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. या समित्यांत आपले कार्यकर्ते किती बसतात? बसतात ते काय विचारतात?

पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे : आमच्या शाळेच्या वेळापत्रकात पाठाच्या तयारीचा तास कोणता? उत्तर नसेल तर ते लेखी मागावे, ठराव करावा आणि तो ठराव घेऊन पंचायत समितीच्या दारात उभे राहावे.