गळा कुणाचा, कागद कुणाचा

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मी गाण्यांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले दोघेतिघे हसले. हसा. शिबिरात जमिनीवर बोलायचं, शिष्यवृत्तीवर बोलायचं, अत्याचारावर बोलायचं. गाणं म्हणजे रात्री जेवणानंतरची करमणूक. मी म्हणतो, गाण्याइतका उघडा हिशेब दुसऱ्या कशात सापडत नाही. एकच गाणं. दोघे गातात. दोघांच्याही रेकॉर्डी गाजतात. चाल तीच, शब्द थोडेफार तेच. मग एकाच्या दारात मोटारी उभ्या राहतात आणि दुसऱ्याच्या दारात भाडं मागायला घरमालक. हे नुसत्या आवाजानं होतं काय?

उदाहरणं अमेरिकेतली घेतोय. 1972 साली आपल्या पोरांनी मुंबईत जे नाव घेतलं, ते तिथल्या काळ्या पोरांच्या संघटनेवरून. तेव्हा त्यांची गाणी परकी मानायचं कारण नाही.

विली मे थॉर्नटन. लोक तिला 'बिग मामा' म्हणत. जन्म 1926, अलाबामा राज्य. बाप चर्चमध्ये प्रवचन करणारा, आई तिथंच गाणारी. आई लवकर गेली. पोरीनं दारूच्या गुत्त्यात पिकदाण्या धुतल्या. 14 वर्षांची असताना गाण्याबजावण्याच्या एका फिरत्या कंपनीबरोबर घर सोडलं. धिप्पाड बाई. ड्रम वाजवायची, माउथ ऑर्गन वाजवायची, वाटलं तर पुरुषाचे कपडे घालून उभी राहायची. कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

13 ऑगस्ट 1952 ला लॉस एंजेलिसमध्ये तिनं 'हाऊंड डॉग' हे गाणं रेकॉर्ड केलं. लिहिणारे होते जेरी लीबर आणि माइक स्टॉलर, 19-19 वर्षांची गोरी ज्यू पोरं. खास तिच्यासाठी लिहिलेलं. नावात कुत्रा असला तरी गाणं कुत्र्याचं नाही. बाईच्या कमाईवर जगणारा, शेपूट हलवत दारात घुटमळणारा आयतखाऊ पुरुष, त्याला एक बाई उंबऱ्याबाहेर काढते, असं ते गाणं आहे. थॉर्नटन ते गात नाही, त्याला झाडते. गुरगुरते, मधेच शब्द ओढते, गिटारवाल्याला डिवचते. शेवटी मागचे वादक भुंकायला लागतात. ऐकताना वाटतं, चाळीच्या गॅलरीतून कुणी बाई दारुड्या नवऱ्याचं बोचकं खाली फेकतेय.

1953 साली काळ्या लोकांच्या गाण्यांच्या यादीत ही रेकॉर्ड सात आठवडे पहिली होती. हाती काय आलं? 500 डॉलरचा एक चेक, पुढं दमडी नाही, असं ती आयुष्यभर सांगत राहिली.

रेकॉर्ड काढणारी कंपनी ह्यूस्टनची, पीकॉक नावाची. मालक डॉन रॉबी. आणि हे नीट ऐका, रॉबी काळा होता. लिहिणाऱ्या त्या दोन गोऱ्या पोरांना त्यानं दिलेला चेकही बँकेतून परत आला, असं तेही सांगत. दुसऱ्यांच्या गाण्यांवर टोपणनावानं स्वतःची मालकी लावायची त्याची ख्याती होती. म्हणजे आपल्यातला तो आपला, हे गणित तिथंही चुकलं. इथं कुठं कुठं चुकलंय ते तुम्हाला माहीत आहे, मी नावं घेत नाही.

पुढं फ्रेडी बेल नावाच्या गोऱ्या गायकानं हे गाणं लास व्हेगासच्या हॉटेलात गाण्याजोगं करून घेतलं. शब्द धुतले. बाई गेली. आयतखाऊ पुरुष गेला. उरला खराखुरा शिकारी कुत्रा, तोही बिनकामाचा. 1956 साली एल्व्हिस प्रेस्लीनं ते तिथं ऐकलं आणि उचललं. 1 जुलैला त्याला टेलिव्हिजनवर शेपटीचा कोट घालून, टोपी घातलेल्या एका जिवंत कुत्र्यापुढं ते गायला लावलं. बाईनं पुरुषाला दिलेल्या शिव्या आता एक बाप्या खऱ्या कुत्र्याला देत होता. सभ्य घरांना आता हसायला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डिंग. ती रेकॉर्ड अमेरिकेत 11 आठवडे पहिली.

प्रेस्ली वाईट गायक होता असं मी म्हणणार नाही. तुपेलो गावातल्या दोन खोल्यांच्या घरातलं गरिबाचं पोर ते, आणि त्याच्या रेकॉर्डीत दम आहे. ड्रम ऐकलेत तर उठून उभे राहाल. पण बाईचा राग काढून घेतला की त्या गाण्यात काय उरतं, हेही ऐका.

आपल्याकडे असल्या गोष्टीला लगेच चोरी म्हणतात. गोऱ्यानं काळ्याचं गाणं चोरलं. हा शब्द फार सोपा आहे. चोरी असती तर पोलिसात जाता आलं असतं. इथं सगळं कायदेशीर होतं, आणि हीच मेख आहे.

अमेरिकेच्या 1909 च्या कायद्यात तरतूद होती की, गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की ते कुणालाही पुन्हा रेकॉर्ड करता येईल. परवानगी मागायची नाही. प्रतीमागं 2 सेंट हक्कदाराला द्यायचे. हक्कदार कोण? लिहिणारा, चाल बांधणारा आणि प्रकाशक. म्हणजे ज्याचं नाव कागदावर आहे तो. जिच्या नरड्यातून ते गाणं पहिल्यांदा बाहेर आलं, जिनं कुठं गुरगुरायचं आणि कुठं थांबायचं ते ठरवलं, ती कायद्याला दिसतच नव्हती. रेकॉर्डीतल्या आवाजाला त्यांच्या केंद्राच्या कायद्याचं संरक्षण मिळालं ते 15 फेब्रुवारी 1972 पासूनच्या रेकॉर्डींना.

वर यादीसुद्धा वेगळी. 'बिलबोर्ड' साप्ताहिकात काळ्यांची गाणी 'रेस रेकॉर्ड्स' या नावाखाली छापत. त्यांचा पाणवठाच वेगळा म्हणा ना. 1949 साली जेरी वेक्सलर नावाच्या तिथल्या पत्रकारानं त्याला 'रिदम अँड ब्लूज' हे नाव सुचवलं. पाटी बदलली, पाणवठा तोच. गोऱ्यांची कित्येक रेडिओ स्टेशनं काळ्यांच्या रेकॉर्डी लावत नसत. मग कंपन्यांनी धंदा शोधला. काळ्यांच्या यादीत गाणं चढायला लागलं की चार-सहा आठवड्यांत गोऱ्या गायकाकडून तेच गाऊन घ्यायचं, तेही जवळजवळ हुबेहूब, आणि मोठ्या बाजारात सोडायचं.

लाव्हर्न बेकरचं 'ट्वीडल डी' असंच 1955 साली जॉर्जिया गिब्जनं गायलं आणि मूळ रेकॉर्डीच्या वर नेलं. बेकर गप्प बसली नाही. तिनं डेट्रॉइटचे काळे खासदार चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहिलं की गाण्याच्या मांडणीलाही कायद्यानं संरक्षण द्या. कायदा काही बदलला नाही.

लिटल रिचर्ड, मेकन गावच्या बस स्टँडवर बशा विसळणारा पोरगा. 'टुटी फ्रुटी'चे हक्क त्यानं 50 डॉलरला कंपनीला विकले, वर रेकॉर्डीमागं अर्धा सेंट. पॅट बून नावाच्या, पांढरे बूट घालणाऱ्या सोज्वळ गोऱ्यानं ते गायलं आणि मोठ्या यादीत रिचर्डच्या वर गेला. रिचर्ड सांगायचा की पुढचं गाणं मी मुद्दाम इतकं भरधाव केलं की बूनचं तोंड वळू नये. बूननं तेही गायलं. पण 1956 च्या त्या फेरीत रिचर्डची रेकॉर्ड वर राहिली. कारण गोऱ्या पोरांनाच तोवर अस्सल माल कळायला लागला होता. ही एवढी गोष्ट मला आवडते. कायदा बदलला नव्हता, कान बदलले होते.

आता उलट बाजू. दुसऱ्यानं गायलं म्हणजे गाणं लुटलंच, असं नाही.

1965 साली ओटिस रेडिंगनं 'रिस्पेक्ट' लिहिलं आणि गायलं. चांगलं चाललं, काळ्यांच्या यादीत चौथ्या नंबरापर्यंत. त्यात पुरुष बोलतो. दमून घरी येतो, पैसा आणतो, मग घरात त्याला मान हवा. काळ्या पुरुषाला रस्त्यावर मान नाही, कारखान्यात नाही, तेव्हा निदान घरात तरी द्या, असं ते मागणं आहे. त्यात दुःख आहे, मी नाकारत नाही. पण रस्त्यावरची उधारी घरातल्या बाईकडून वसूल करायची ही खोड आपल्याही वस्तीत आहे. बाहेर क्रांती आणि घरात 'पाणी आण'. हसू नका, माझ्यासकट सगळ्यांना लागू आहे.

14 फेब्रुवारी 1967. न्यूयॉर्कमध्ये अरेथा फ्रँकलिननं हेच गाणं रेकॉर्ड केलं. निर्माता तोच जेरी वेक्सलर, यादीची पाटी बदलणारा. अरेथानं बोलणाराच बदलला. आता बाई मान मागते. मागते कसली, बजावते. आणि मूळ गाण्यात नव्हत्या अशा गोष्टी तिनं घातल्या. त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ती उच्चारते, शाळेत ढ पोराला बाई शिकवतात तशी. मागं तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा झील धरतात, पुरुषाला श्वास घ्यायला सवड देत नाहीत. मधे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो, तोही ओटिसच्या रेकॉर्डीत नव्हता.

जूनमध्ये ते अमेरिकेत पहिलं झालं. जुलैमध्ये तिचंच शहर डेट्रॉइट पेटलं. गाण्यामुळं पेटलं असं कुणी म्हणू नये. गाण्यानं शहर पेटत नसतं, पोलिसांनी पेटतं. पण एका बाईनं घरातल्या पुरुषाला म्हटलेलं गाणं बघता बघता सगळ्या काळ्या माणसांनी देशाला बजावलेलं गाणं झालं. बाईचा मान आणि जातीचा मान या दोन वेगळ्या चळवळी आहेत असं मानणाऱ्यांनी ही रेकॉर्ड रोज सकाळी ऐकावी.

त्याच जूनमध्ये माँटेरीच्या महोत्सवात ओटिसनं ते गाणं गाण्याआधी हसत हसत सांगितलं की एका पोरीनं हे माझ्याकडून पळवलं. रुसला नाही. डिसेंबरमध्ये विमान तळ्यात पडून तो गेला. वय 26.

आता इथंही कागद बघा. अमेरिकेतलं साधं रेडिओ स्टेशन गाणं वाजवतं तेव्हा पैसे देतं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला आजही नाही. 'रिस्पेक्ट' लक्षावधी वेळा वाजलं असेल, त्यातून अरेथाला रेडिओनं काही दिलं नाही. 2018 साली ती गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी ही गोष्ट पुन्हा छापली. तिनं घातलेली अक्षरं, बहिणींची झील, यातलं काही 'लेखन' धरलं गेलं नाही. लेखक ओटिस. त्याच्या माघारी बायको-लेकरांना त्याचा आधार झाला असेल तर चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण बघा, इथं लुटारू कुणी नाही, लिहिणारा काळा, गाणारी काळी, दोघांत सलोखा, आणि तरी गळ्याच्या खात्यावर शून्य.

कागद उलटाही वापरता येतो, हे दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडामुळं कळलं. जोहान्सबर्गला रेकॉर्ड कंपनीतच मजुरी करणारा हा झुलू गायक. 1939 साली त्यानं 'म्बुबे' गायलं, हक्क 10 शिलिंगला गेले. त्याच चालीवर अमेरिकेत 1952 साली वीव्हर्स मंडळी गाजली, 1961 साली टोकन्स नावाची पोरं पहिल्या नंबरला गेली, पुढं डिस्नेच्या सिंहाच्या सिनेमातही ते वाजलं. लिंडा 1962 साली कफल्लक मेला. थडग्यावर दगड बसवायला घरच्यांकडे पैसे नव्हते. पण 1911 च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कायद्यात एक कलम निघालं: लेखक मेल्यावर 25 वर्षांनी हक्क वारसांकडे परत. त्याच्या आधारानं मुलींनी दावा लावला आणि 2006 साली तडजोड होऊन पैसे मिळाले. साहेबाचाच कायदा, नीट वाचला म्हणून.

आपल्याकडं कागद नव्हता तेव्हा कवीनं वेगळी युक्ती केली होती. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. तुकोबांनी केलं, शाहिरांनी केलं, वामनदादा कर्डकांनी केलं. गाणं कुठल्याही गायनपार्टीनं उचलावं, नाव काढायला गेलं तर ओळ मोडते. यमकात बांधलेला हक्क. मात्र त्यानं नाव टिकलं, चूल पेटली असं नाही. 2012 साली आपल्या देशाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रॉयल्टीतला वाटा गीतकार-संगीतकाराला कंपनीच्या नावे लिहून देताच येत नाही, आणि गाणाऱ्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे. तुमच्यातले जे गातात, फोनवर गाणी टाकतात, कुणा कंपनीच्या कागदावर सही करतात, त्यांनी सहीआधी तो कायदा वाचा. इंग्रजी येत नसेल तर येणाऱ्याला धरा. वकील पोरं आहेत आपल्यात.

बिग मामा थॉर्नटन 25 जुलै 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये भाड्याच्या खोलीत वारली. वय 57. अंगावर मांस उरलं नव्हतं. अमेरिकेत रॉक संगीताचं एक मानाचं दालन आहे. 1986 साली त्यात पहिल्याच खेपेला प्रेस्लीचं नाव लागलं. थॉर्नटनचं लागलं 2024 साली.

आता स्पीकर जोडलाय. आधी 1953 ची रेकॉर्ड लावतोय, मग 1956 ची. मधे कुणी बोलू नका.