आधी सीट वर घ्या

श्रोतेहो, जुनी सायकल दुरुस्त कशी करावी, चालवावी कशी आणि नवी घ्यायची तर कोणती, असा तिपेडी विषय मला दिलाय आणि मिनिटं दिलीत मोजून. सायकलीचे फायदे तुम्हाला पाठ आहेत, ते सांगत बसत नाही. मी थेट सीटवर येतो.

हसू नका. संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर जरा उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गुडघे बघा. महागडी सायकल, डोक्याला हेल्मेट, हाताला मोजे, आणि गुडघे हँडलला लागायच्या बेतात. सीट पार तळाला दाबलेली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पाय टेकायला पायजेत की वो!" दोन्ही तळवे जमिनीला टेकतात तेवढ्या उंचीवर बसून पायडल मारलं, की मांडीला जोर लावता येत नाही आणि सगळा दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो. दोन महिन्यांत गुडघा पुढच्या बाजूनं दुखायला लागतो. मग सायकल जिन्याखाली जाते आणि माणूस सांगत सुटतो, सायकलीनं गुडघे जातात. सायकलीनं नाही जात हो, खालच्या सीटनं जातात.

तर माप. सायकल भिंतीला टेकवा. नेहमीचं पायताण घालून सीटवर बसा. एक पायडल पार खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलंडता कामा नये. एवढंच. चालवताना पायडलवर चवडा ठेवायचा. मग गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. आकड्यात हवं असेल त्यांनी अनवाणी भिंतीला पाठ लावावी, मांड्यांमध्ये एक पुस्तक वर दाबून धरावं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजावं. त्याला ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवा. ८० सेंटिमीटर आलं तर साडेसत्तरच्या आसपास. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं हा आकडा ओळखला जातो. पण तो विसरलात तरी चालेल. टाच पायडलवर, गुडघा सरळ, हे विसरू नका.

आणि सिग्नलला थांबायचं कसं? सीटवर बसून थांबायचंच नाही. ब्रेक लावता लावता सीटवरून पुढं उतरायचं, एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. आपले आजोबा चोवीस इंची सायकलवर डाव्या पायडलवर पाय ठेवून टांग मारत चढायचे आणि तसेच उतरायचे. त्यांचे कुठं पाय टेकत होते? अपवाद एकच, किटल्या लावून येणारा दूधवाला. मागं एवढं वजन आणि दर दहा घरांवर थांबणं, त्यानं सीट खाली ठेवली तर माझी तक्रार नाही. तुमच्या कॅरिअरला किटल्या नाहीत.

आता आपल्या गावाला समजेल अशा भाषेत सांगतो. चप्पल लाईनीत जाऊन तुम्ही चप्पल कशी घेता? पाय घालून बघता, चार पावलं चालून बघता, अंगठ्यात बोट नीट बसतं का बघता, पट्टा टोचतो का बघता. दुकानदार म्हणाला, "एकच नंबर शिल्लक आहे, घ्या, सवय होईल," तर घ्याल का? कोल्हापूरकर घेणार नाही. पण सायकलीच्या दुकानात तोच माणूस रंग बघतो, गिअर मोजतो आणि माप न विचारता पैसे देतो. पोरांचं तर विचारूच नका. "वाढत्या अंगाचं आहे, मोठीच द्या." पोराला दोन नंबर मोठी चप्पल दिली की ते पाय ओढत चालतं, हे दिसतं आपल्याला. मोठ्या सायकलवर ते कंबर डावी-उजवीकडं हलवत पायडल गाठतं, ते मात्र दिसत नाही.

गोंधळ आकड्यांचाही आहे. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींत बावीस इंची आणि चोवीस इंची म्हणायचे, तो फ्रेमचा आकडा. क्रँकच्या आसापासून सीटखालच्या नळीची उंची. चाकं दोन्हींची २८ इंचीच. आज दुकानात २६, साडेसत्तावीस, २९ म्हणतात, तो चाकाचा आकडा. बावीस इंचीची सवय असलेला माणूस २६ ऐकून म्हणतो, ही मला मोठी होईल. अहो, तो तुमच्या पायाचा नंबरच नाही! दुकानात विचारा, फ्रेम किती इंची, स्मॉल की मीडियम? दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. मध्ये इंच-दोन इंच मोकळं राहिलं पाहिजे. मग सीट वर घ्यायला सांगा. पेटीतून काढलेली सायकल तशीच, सीट तळाला दाबलेली, हातात देतात. दुकानातच टाच पायडलवर ठेवून बघा.

जुन्या सायकलीकडं वळतो. कोल्हापूर भागात माळ्यावर, गोठ्यात किती रॅले, हर्क्युलस, फिलिप्स पडून असतील! काही नॉटिंगहॅम-बर्मिंगहॅमहून आलेल्या, काही आसनसोलच्या सेन-रॅलेच्या, काही मद्रासजवळच्या अंबत्तूरला टी. आय. सायकल्सनं बनवलेल्या. अशी सायकल हाती आली की लोक पहिलं काम करतात रंगाचं. घासून काढतात, स्प्रे मारतात, चकाचक. नका करू. मूळ काळा मुलामा आणि त्यावरच्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की परत येत नाहीत. मऊ फडकं, थोडं तेल, धीर. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची घडीची बी.एस.ए.सुद्धा तिथं बघायला मिळते. एकदा जाऊन या.

रंगाआधी कशाला हात घालायचा? बरोबर ओळखलंत. सीटपिन वर येते का बघा. चाळीस वर्षं कुणी हलवलेली नसते, पिन नळीत गंजून एकजीव झालेली असते. हातोडा मारू नका, नळी चिरेल. तेल सोडा, रात्रभर ठेवा, पुन्हा सोडा, मग सीट धरून हळूहळू डावी-उजवीकडं फिरवा. आठवडा लागला तर लागू दे. निघाली की पिन आणि नळी आतून साफ करा आणि ग्रीस लावूनच परत घाला. वर घेताना पिन निदान अडीच इंच नळीत राहिली पाहिजे. नव्या पिनांवर खूण असते, जुन्यांवर नसते. तेवढ्यानं उंची पुरली नाही तर लांब पिन मिळते. सीट खाली ठेवायला हे कारण चालणार नाही.

आणि त्या पिनेवर जर कातड्याची सीट असेल, तर नशीब काढलंत. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सचा धंदा १८६६ सालचा, घोड्याच्या साजाचा. म्हणजे मुळात चामड्याचा कारागीर. त्यानं १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. ती सीट म्हणजे पुन्हा आपली चप्पलच. नवी कोल्हापुरी चार दिवस चावते, मग पाय ओळखते आणि दुसऱ्याच्या पायात नीट बसत नाही. कातडी सीटही पहिले काही शे किलोमीटर दगडासारखी लागते, मग बसणाऱ्याच्या हाडांचा साचा धरते. आजोबांची सीट तुम्हाला टोचत असेल तर दोष सीटचा नाही, तिनं आजोबा धरून ठेवलेत. तेल पाजण्याबद्दल मात्र सावध. चपलेला पाजता तसं सीटला पाजलंत तर कातडं सैल पडून झोळी होते. वरून हलका हात, तोही क्वचित. आणि पावसात भिजू देऊ नका. आपला जुलै चपलेला काय करतो, माहीत आहे ना?

बाकीचं भराभर. छर्रे काढताना मोजून डबीत ठेवा, कोन आणि कप रॉकेलनं धुवा. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेच्या क्रँककडच्या कपाला इंचाला २६ आटे असतात, इतरांना २४. म्हणून बाजारातला कप बसत नसेल तर पान्यानं जबरदस्ती करू नका. उद्यमनगरात लेथवर काम करणारे हात आहेत, त्यांना दाखवा. टायर घेताना बाजूवरचा आकडा वाचा. जुन्या दीड इंची टायरला ६३५ लागतो, नव्या हायब्रिडला ६२२. दोन्हींना दुकानात अठ्ठावीसच म्हणतात, पण एकाचं दुसऱ्यावर चढत नाही.

पन्हाळ्याचा चढ सायकलीनं जमेल का, असं विचारणारे असतातच. जुन्या सायकलीला पुढं ४४ दात, मागं १८, चाक २८ इंची, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर जाते. सपाटीला राजेशाही, वाघबीळच्या पुढं चढाला छाती फोडणारी. नव्या हायब्रिडला पुढं २८, मागं ३४ असं हलकं गिअर असेल तर एका फेऱ्यात पावणेदोन मीटर. म्हणून पन्हाळ्याला नवी, शहरात फिरायला जुनी, असं माझं मत. पावसात जुनी घेऊन घाट उतरू नका. ओल्या लोखंडी रिमवर रॉड ब्रेक नुसते घसरत राहतात. आणि दोन्हींवर सीट... बरं, राहू दे.

स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवतायत. चेन किती ताणली की बदलायची, ते राहिलंच. बारा इंच मोजायची, आणि त्यावर एक सूत, नाही, अर्धा सूत... ते मिस्त्रीला विचारा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या रस्त्यावर रात्री मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका. आणि उद्या सकाळी घरातला पाना शोधा. घरात जेवढ्या सायकली तेवढी माणसं भिंतीशी उभी करा, बायकांना आणि पोरींना आधी, कारण त्यांची सीट सगळ्यात खाली असते. टाच पायडलवर, गुडघा सरळ. एकदम तीन इंच चढवू नका, आठवड्याला अर्धा इंच पुरे, म्हणजे भीती वाटत नाही. कंबर कलंडायला लागली किंवा गुडघा मागच्या बाजूनं दुखला, तर समजा जास्त झालं, थोडी खाली घ्या. जास्त झालं म्हणून मला पत्र पाठवलंत, तर खरंच आनंद होईल. आजवर तक्रार आली ती खालच्या सीटचीच.