पत्त्याची किंमत

मी बचत गटांची समन्वयक. राहते दादरला, स्टेशनपासून सात मिनिटांवरच्या एका जुन्या चाळीत. दादरला राहते म्हटलं की समोरची बाई लगेच म्हणते, "मजा आहे बाई तुझी, सगळं हाताशी!" या 'हाताशी' असण्याचा हिशोब आम्ही कसा मांडला, ते आज सांगते.

दादर म्हणजे जिना. नावाप्रमाणे आमच्या स्टेशनात जिनेच जिने. पश्चिम आणि मध्य रेल्वे इथे भेटतात, त्यामुळे गाडी बदलणाऱ्यांची गर्दी कधी हटत नाही. पूर्वी दोन्ही मार्गांवर एक नंबरचा फलाट होता, नवखी बाई हमखास चुकायची. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना १ ते १४ असे सलग नंबर आहेत. मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रोही सुरू झाली.

हे दादर आखून वसवलेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट, दाटीच्या वस्त्यांनी बळी घेतले. मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, मोकळ्या जागा आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ मध्ये खुलं झालं. जवळच गिरणगाव. तिथे कामगारांना जेवू घालून संसार चालवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. आमच्या भागातल्या बाईची कमाई अशी पहिल्यापासून पायी अंतरावरची आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या गटातली एक ताई गजरे करायची. पहाटे चारला चालत फुलबाजारात जायची, सहाला घरी, आठपर्यंत गजरे तयार. मुलांना शाळेत सोडून विकायला बसायची. तिची चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डरच्या भाड्यात दादरला खोली मिळेना, म्हणून घरच्यांनी बदलापूर ठरवलं. तिथे खोली मोठी, भाडं कमी, वर महिन्याला चार पैसे शिल्लक! तिला कोणी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. तिथून दादर गाडीने तासाभराहून लांब. पहाटेची गाडी, परत येताना फुलांची टोपली, घरी शाळेची मुलं. तीन महिन्यांत धंदा बंद पडला. जी शिल्लक दिसत होती, त्याहून जास्त तिची कमाई गेली होती.

गेल्या वर्षी आमच्याच चाळीचा नंबर लागला. सभेत पुरुष खुर्च्यांवर, आम्ही गॅलरीत उभ्या. चर्चा सगळी चौरस फुटांची. बिल्डरचं रंगीत पुस्तक हातोहात फिरत होतं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत, 'स्टेशन पाच मिनिटांवर, बाजार, शाळा, रुग्णालय जवळ.' माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच आहे. नव्या माणसांना विकताना याचे पैसे लावतात, मग आपल्याला बाहेर पाठवताना का नाही धरत?"

त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या बैठकीत आम्ही प्रत्येकीने वहीत तीन रकाने आखले. दिवसभरात मी कुठे कुठे जाते, किती वेळ नि पैसा लागतो, आणि लांब राहायला गेले तर काय होईल. डबे करणारीची बारा गिऱ्हाइकं चालत जाण्याच्या टप्प्यातली. फराळ करणारी सामान बाजारातून स्वतः उचलून आणते, टेम्पोचा खर्च नाही. माझ्या वहीत सासूबाईंची केईएमची महिन्यातून दोनदाची फेरी. इथून बसने जाता येतं, लांबून दोघींचा अख्खा दिवस जाणार.

वह्या घेऊन आम्ही सभेत गेलो. या वेळी खुर्च्यांवर बसलो. तीन गोष्टी मागितल्या. भाडं याच भागातल्या खोल्यांचा दर बघून ठरवा, ते दरवर्षी किती वाढेल ते लिहून द्या, आणि नोंदणीकृत करारावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव घाला. पहिली मागणी अर्धीच मान्य झाली. वाढ लेखी मिळाली. नावाबाबत मात्र काही घरांत अजून भांडणं चालू आहेत. आमच्या घरातही झालं. शेवटी वही नवऱ्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली. आता आम्ही नायगावात लहान खोली घेतोय. वरचे पैसे पदरचे जातील, पण माझं काम आणि सासूबाईंचे उपचार सुटणार नाहीत.

लांब जाऊच नका, असं मी म्हणत नाही. कुणाला मोठं घर हवं असतं, कुणाचं काम तिकडेच असतं. पण सही होण्याआधी वही काढा. भाड्याच्या आकड्यातून स्वतःची बुडणारी कमाई, गाडीभाडं आणि वेळ वजा करा, मग उरेल ती खरी शिल्लक. आणि हा हिशोब मनात ठेवू नका, घरात मोठ्याने वाचून दाखवा.

गजरेवाली ताई अजून गटात आहे. तिचा हप्ता एकदाही चुकलेला नाही. तीन रकान्यांची कल्पना तिचीच. फक्त तिच्या वेळी वही उघडायला आम्हाला उशीर झाला.

तुमची वही आज उघडा.