नवसातलं आपलं कलम



पत्रिकेत विषय छापलाय 'आल्प्समधलं एक चॅपल'. चित्रं आहेत, काळजी नसावी. पण मला बोलायचंय नवसाबद्दल. जुने श्रोते म्हणतील, हा गृहस्थ कुठूनही निघाला तरी नवसावरच येतो. येतो! (हशा) तिसऱ्या रांगेतले आमचे अंधश्रद्धा निर्मूलनवाले मित्र वहीत काहीतरी लिहू लागलेत. लिहा. देव पावतो असं मी म्हणत नाही. नवस हा करार असतो आणि त्यात माणूस बांधला जातो, एवढंच माझं म्हणणं.

स्वित्झर्लंडचा व्हाले प्रांत. फीश आणि फीशरताल ही कॅथलिक गावं. वर आलेच, आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी. तिच्या कडेला बर्फाने अडलेला मेर्येलेन तलाव. तो फुटला की लोंढा खाली. हिमनदी वाढू लागली तेव्हा, 1678 साली, गावकरी नवस बोलले: आम्ही सदाचाराने वागू, देवा, हिला आवर. 1862पासून दरवर्षी मिरवणूकही निघू लागली, एर्नरवाल्डच्या जंगलातल्या छोट्या चॅपलपर्यंत. मारिया आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला गेली, त्या भेटीच्या नावाचं हे चॅपल. दिवस 31 जुलै, संत इग्नेशियसचा. गोव्याच्या झेवियरचे हे सोबती.

आणि हिमनदी आवरली! 1860च्या सुमारापासून 3 किलोमीटरहून अधिक मागे हटली. नवस मात्र चालूच.

आमच्या आत्याचं हेच झालं. रवळनाथाला बोलली, धाकटा मॅट्रिक होईपर्यंत चहा सोडला, आणि दर सोमवारी दिवा लावीन. धाकटा गणितात तीनदा आपटला आणि पिठाची गिरणी घालून बसला. गिरणी जोरात, आत्या चहाविना. पाहुण्यांना आधण ठेवायची आणि वाफेवर तोंड धरून उभी राहायची. वर्षं गेली. शेवटी गुरवाने कौल लावला: पोर पोटापाण्याला लागलं, बाईचा चहा सोडवावा काय? उजवा कौल! आत्याने देवळाच्या पायरीवरच थर्मास उघडला. (हशा) दिवा मात्र मरेपर्यंत लावत होती. कुणी विचारलं तर म्हणायची, त्याचा कौल कुठे मागितला होता?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. वेळ आत्याने खाल्ला, मी नव्हे.

तर फीशकरांनीही कौल लावला, थेट रोममध्ये. 2009 साली पोपकडे विनंती गेली, 2010मध्ये होकार आला. आता मिरवणूक तीच, चॅपल तेच. प्रार्थना मात्र हिमनदी वाढावी म्हणून.

पण रोमकडे बदलून मागितलं ते देवाकडचं मागणं. 'सदाचाराने वागू' हे आपल्या बाजूचं कलम, त्याचा कौल कुणी मागितलेला नाही. माणसाच्या वागण्याचा बर्फाशी संबंध आहे असं 1678 साली कुणी म्हटलं, तर तिसऱ्या रांगेतले मित्रहो, ती अंधश्रद्धाच. आज वहीत काय लिहाल?

सचिव घड्याळ दाखवताहेत. चॅपलची चित्रं राहिलीच. दाराजवळच्या टेबलावर ठेवतो, चपला घालता घालता पाहून घ्या.