किलमायकलची शरणागती

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील एका निर्जन रस्त्यावर झालेल्या चकमकीशी आपला संबंध काय? लोकमान्यांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्दच आयरिश चळवळीतून आला होता, एवढे स्मरण पुरे. आपल्या सेनानीवर विश्वासघाताचा आरोप झाला असता त्या समाजाने काय केले, ते मला आज सांगायचे आहे.

२८ नोव्हेंबर १९२०, रविवार. मॅक्रूमच्या किल्ल्यातून ऑक्झिलरी दलाचे अठरा जण दोन लॉऱ्यांतून निघाले. हे सारे ब्रिटिश लष्करातील माजी अधिकारी. आयरिश जनतेवर दहशत बसविण्यासाठी मुद्दाम भरती केलेले. किलमायकलजवळ टॉम बॅरी छत्तीस बंदूकधारी घेऊन दबा धरून बसला होता. बॅरी स्वतः पोलिसाचा मुलगा, महायुद्धात मेसोपोटेमियात ब्रिटिशांच्याच सैन्यात लढलेला. गणवेशातील अधिकारी रस्त्यात उभा दिसल्याने पहिली लॉरी मंदावली आणि बॅरीने तिच्यात हातबॉम्ब फेकला. सोळा ऑक्झिलरी जागीच ठार झाले. एक मेला समजून मागे सोडला गेला, तो वाचला. एक निसटला, पण पुढे पकडला जाऊन मारला गेला. आयरिशांचे तिघे पडले. त्यांतील पॅट डीसी अवघा सोळा वर्षांचा होता.

इथपर्यंत फारसा मतभेद नाही. वाद आहे तो शेवटच्या काही मिनिटांचा. बॅरीने १९४९ च्या आपल्या पुस्तकात लिहिले की, दुसऱ्या लॉरीतील ऑक्झिलरींनी ‘आम्ही शरण आहोत’ असे ओरडून बंदुका टाकल्या. त्याचे काही साथीदार उभे राहताच त्यांच्यावर पिस्तुले झाडली गेली. तेव्हा त्याने हुकूम दिला की, मी सांगेपर्यंत गोळीबार थांबवायचा नाही. त्यानंतरची शरणागती त्याने स्वीकारली नाही. हे त्याने लपविलेले नाही.

ब्रिटिशांनी त्या वेळी निराळेच प्रसिद्ध केले: शंभराच्या आसपास हल्लेखोर आणि कुऱ्हाडींनी प्रेतांची विटंबना. सरकारी प्रचार म्हणून ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. खरा घाव आला १९९८ साली आणि तो विद्यापीठातून आला. पीटर हार्ट या कॅनेडियन इतिहासकाराने लिहिले की, खोटी शरणागती झालीच नाही; शरण आलेल्यांना बॅरीने मारले आणि ती कथा मागाहून रचली. त्याचे आधार दोन. एक, ब्रिटिशांच्या हाती लागलेला म्हणून सांगितला जाणारा बॅरीचा टंकलिखित अहवाल. दुसरा, नावे न दिलेल्या वृद्ध सैनिकांच्या मुलाखती.

प्रतापगडाच्या पायथ्याशी पहिला वार कोणाचा, हा वाद ज्या श्रोत्यांनी वाचला आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. ग्रँट डफने खानाच्या वधाला विश्वासघात म्हटले, ते पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून वाहत राहिले. त्याला उत्तर संतापाने मिळाले नाही. कीर्तने यांनी डफच्या चुका दाखवल्या, राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळली.

आयरिशांनीही दप्तरच उघडले. मेडा रायन यांनी बॅरीचे चरित्र लिहिताना हार्टचे आधार एकेक करून तपासले. किलमायकलला लढलेल्यांपैकी शेवटचा ज्ञात सैनिक नेड यंग १३ नोव्हेंबर १९८९ रोजी वारला. हार्टने दिलेली एका मुलाखतीची तारीख होती १९ नोव्हेंबर १९८९! अहवालाची गतही तशीच. मूळ प्रत उपलब्ध नाही, आणि आपले दोन साथीदार जागीच मेलेले पाहणारा सेनानी ते मागाहून जखमांनी मेले असे का लिहील? याहूनही वजनदार पुरावा शत्रुपक्षाचा आहे. लायोनेल कर्टिस, म्हणजे १९१९ च्या सुधारणांत हिंदुस्थानावर आलेल्या द्विदल राज्यपद्धतीचा पुरस्कर्ता, याने १९२१ सालीच ‘राउंड टेबल’ नियतकालिकात नोंदवले होते की, पोलिसांनी पांढरे निशाण दाखवून मग गोळ्या झाडल्या असे आयरिश सांगतात. म्हणजे ही कथा १९४९ ची निर्मिती नव्हे.

परंतु मित्रहो, आपल्या बाजूचा दुबळेपणाही पाहिला पाहिजे. बॅरीच्याच १९३२ च्या वृत्तपत्रीय लेखात खोट्या शरणागतीचा उल्लेख नाही. संपादकांनी तो गाळला, असे सांगितले जाते, असेलही.  कर्टिसने ऐकीव गोष्टच नोंदवली होती, हेही खरे. माझे मत असे की, काहीतरी फसवणूक झाली, पण ज्यांनी खरोखर शस्त्रे टाकली होती असेही काही जण त्या गोळीबारात गेले. हे मान्य केल्याने बॅरी लहान होत नाही. शाखेत, घरी आपण मुलांना वीरकथा सांगतो, तेव्हा नेमका हा भाग गाळण्याचा मोह होतो. मलाही झाला आहे.

हार्ट २०१० साली वारला. २०२२ मध्ये इव्ह मॉरिसन यांनी या एकाच चकमकीवर ग्रंथ लिहिला, जुन्या ध्वनिफिती ऐकल्या, हार्टच्या निनावी साक्षीदारांची ओळख पटविण्याचा प्रयत्न केला. हार्टला सरसकट लबाड ठरविणे त्यांना मान्य नाही. वाद मिटलेला नाही.

त्या ध्वनिफिती मुळात लियाम डीसीच्या आठवणींच्या पुस्तकासाठी घेतल्या गेल्या होत्या. लियाम हा किलमायकलला पडलेल्या त्या सोळा वर्षांच्या पॅटचा थोरला भाऊ, स्वतः त्याच ब्रिगेडचा अधिकारी. १९७३ साली पुस्तक आले. त्यात चकमकीचे वर्णन पॅडी ओब्रायन या सैनिकाने केले आहे आणि त्यात खोट्या शरणागतीचा शब्द नाही. ज्या फसवणुकीत आपल्या भावाचा बळी गेला असे बॅरी सांगत आला, तिचाच उल्लेख डीसीच्या पुस्तकात नाही! सत्तरी ओलांडलेल्या बॅरीने १९७४ मध्ये त्याविरुद्ध पुस्तिका छापली. लियाम त्याच वर्षी वारला. दोघा जुन्या सहकाऱ्यांचा समेट झाला नाही.